जोडीचा डोळा

माझ्या आत्याचा डावा डोळा काचेचा होता. हॉफमनची 'द सँडमॅन' मी पहिल्यांदा वाचली ती तिच्याच घरी, मिरजेला, एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत. ऑलिंपियाचे डोळे जमिनीवर पडलेले असतात त्या प्रसंगापर्यंत मी ओसरीवर बसून पोचलो होतो आणि आत मोरीपाशी आत्या आपला डोळा वाटीतल्या पाण्यात विसळत होती. काय वाचतोयस एवढं, असं तिनं विचारलं म्हणून मी गोष्ट सांगितली. ती घाबरली नाही, तिला वाईटही वाटलं नाही. शेवटी एवढंच म्हणाली, "मग ते डोळे कुणी उचलून ठेवले की नाही?"

पुढे ही कथा मी पंधराएक वर्षं वर्गात शिकवली. तिच्यावर एक लांबलचक निबंध लिहिला, फ्रॉइडला हाताशी धरून. आत्याचा प्रश्न त्यात कुठेही आला नाही. तो समीक्षेचा प्रश्न असू शकतो हेच तेव्हा सुचलं नव्हतं.

कथा 1816 सालची. लहानग्या नाथानाएलला दाई सांगते की न झोपणाऱ्या मुलांच्या डोळ्यांत वाळूवाला वाळू फेकतो, बाहेर पडलेले डोळे पोत्यात भरतो आणि चंद्रावरच्या आपल्या पिल्लांना खाऊ घालतो. वडिलांकडे रात्री येणारा कोपेलिउस वकील म्हणजेच तो वाळूवाला, अशी मुलाची खात्री होते. मोठेपणी त्याच्या दारात कोप्पोला नावाचा फिरता विक्रेता येतो. सुंदर डोळे विकायला आणलेत म्हणतो आणि टेबलावर चष्म्यांमागून चष्मे मांडत जातो. नाथानाएल त्याच्याकडून एक छोटी दुर्बीण घेतो आणि समोरच्या खिडकीतल्या ऑलिंपियाच्या प्रेमात पडतो. ऑलिंपिया बाहुली आहे. तिची चक्रं प्राध्यापक स्पालान्झानीची, डोळे कोप्पोलाचे. दोघांच्या झटापटीत ती मोडते, आणि ते डोळे स्पालान्झानी उचलतो खरा, पण नाथानाएलच्या छातीवर भिरकावण्यासाठी. आत्याला मी तेव्हा हेच उत्तर दिलं होतं. "फुटले असतील," ती म्हणाली.

फ्रॉइडनं 1919 च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात या कथेतली डोळ्यांची भीती लिंगच्छेदाच्या भीतीशी नेऊन भिडवली. बाहुली जिवंत की निर्जीव, या संभ्रमात भयाचं मूळ आहे असं येन्च त्याच्याआधी म्हणाला होता. फ्रॉइडला ते पुरेसं वाटलं नाही. त्याच्या वाचनाची ताकद मी नाकारत नाही. पण त्या वाचनात डोळा जाणं म्हणजे कायम दुसरंच काहीतरी जाणं असतं. आत्याला नवव्या वर्षी विटी लागली होती. तिचा गेला तो डोळाच होता.

आणि कथा नीट वाचली तर भीती कुणाच्या बाजूला आहे हेही दिसतं. नुसत्या नजरेला ऑलिंपियाचे डोळे नाथानाएललाही आधी थिजलेलेच वाटतात. दुर्बीण लावल्यावर त्यांत हळूहळू ओलावा येतो. म्हणजे जिनं सगळा घोटाळा केला ती काच ऑलिंपियाच्या खोबणीत नाही, नाथानाएलच्या हातात आहे. हॉफमनला हे पक्कं ठाऊक होतं. त्याच्या मागून आलेल्या लेखकांनी मात्र दुर्बीण सोडून दिली आणि बुबुळ तेवढं उचललं. काचेचा डोळा म्हणजे भेसूरपणा, थंडपणा, लबाडी, मेलेली नजर. रहस्यकथांतून, चित्रपटांतून, वाईट राजकारण्यांच्या वर्णनांतून हे इतकं झिजलंय की त्यावर आणखी शब्द घालवण्यात अर्थ नाही. एवढंच म्हणतो की हे सगळं समोर बसलेल्या माणसाचं साहित्य आहे. ज्याच्या चेहऱ्यात तो डोळा आहे त्याचं ते नव्हे.

समोर बसलेला माणूस हसतोही. मार्क ट्वेनच्या 'रफिंग इट'मध्ये (1872) जिम ब्लेन नावाचा तर्र झालेला म्हातारा आजोबांच्या एडक्याची गोष्ट सांगायला बसतो आणि एडक्यापर्यंत कधी पोचतच नाही. वाटेत त्याला मिस जेफरसन आठवते. ती आपला काचेचा डोळा मिस वॅग्नरला, घरी पाहुणे आले की, उसना द्यायची. शेजारणीकडून विरजण आणावं तसा. डोळा मापाला लहान, खोबणीत भलतीकडेच फिरायचा. मोठी माणसं चालवून घ्यायची, मुलं रडायची. मग ती कापूस कोंबायची, तर कापूसच बाहेर डोकवायचा. तिचा स्वतःचा डोळा आकाशी निळा आणि उसना पिवळा, त्यामुळे उलटा बसला काय न् सुलटा काय, सारखंच. एकेकाळी हा उतारा मला क्रूर वाटायचा. आता तो मला हॉफमनपेक्षा जास्त प्रामाणिक वाटतो. डोळा पडतो, तो उचलावा लागतो, परत बसवावा लागतो, माप चुकलं तर फिरतो आणि रंग चुकला तर लपत नाही, हे सगळं ट्वेनला माहीत आहे. आत्याच्या प्रश्नाचं उत्तर अख्ख्या साहित्यात मला इथेच सापडलं: उचलला, आणि उलटा बसवला. (रोआल्ड डालच्या मिसेस ट्विटचा डोळा नवऱ्याच्या बिअरच्या मगात तळाशी पडून त्याच्याकडे बघतो, मुलं त्यावर खिदळतात, आणि त्यांचं बरोबर आहे.)

ट्वेननं नकळत जे हेरलं तोच या कारागिरीचा गाभा आहे. काचेचा डोळा ही 'डोळ्या'ची नक्कल नसते. ती त्या विशिष्ट माणसाच्या दुसऱ्या डोळ्याची नक्कल असते. एकटा काचेचा डोळा चांगला की वाईट हे ठरवताच येत नाही.

जर्मनीत थुरिंगियाच्या डोंगरात लाउशा नावाचं काचकामगारांचं गाव आहे. नाताळच्या झाडावर टांगायचे काचेचे गोळे तिथलेच. जवळच्या झोनेबर्गमध्ये खेळण्यांचा मोठा व्यापार, म्हणून लाउशाचे लोक बाहुल्यांचे डोळे फुंकायचे. माणसांसाठीचे चांगले डोळे तेव्हा पॅरिसहून यायचे. 1830 च्या दशकात लुडविग म्युलर-उरी या लाउशाच्या कारागिरानं पॅरिसच्या तोडीचा डोळा करायचं मनावर घेतलं आणि बाहुल्यांवर बसलेला हात माणसांकडे वळला. 1868 च्या सुमाराला तिथे क्रायोलाइट मिसळलेली दुधी काच आली; जर्मनीत काचेचे डोळे आजही त्याच काचेचे होतात. कारागीर दुधी काचेची पोकळ नळी ज्योतीवर धरून तिचा गोळा फुंकतो. गोळ्याच्या माथ्यावर रंगीत काचेचा ठिपका वितळवतो, त्यावर केसासारख्या बारीक काचकांड्यांनी बुबुळातल्या रेषा ओढतो, मधोमध काळ्या काचेचा थेंब, वर पारदर्शक काचेचं कवच. लाल काचेच्या धाग्यानं पांढऱ्यावर शिरा. शेवटी मागची बाजू तापवून आत ओढून घ्यायची, म्हणजे गोळ्याची वाटी होते. 'डोळा' म्हणतो खरं, पण सहसा असते ती अशी पातळ वाटीच. बुबुळांचे गोळे आधी करून ठेवलेले असतात. त्यांतला जवळचा निवडून बाकीचं काम गिऱ्हाइकाला समोर बसवून होतं. तास-दीड तासात माणूस नवा डोळा घालून घरी जातो. अश्रूंनी काचेचा पृष्ठभाग खरवडला जातो, म्हणून वर्षा-दोन वर्षांनी परत यायचं आणि परत समोर बसायचं.

बाहुल्यांपासून माणसांपर्यंतचा हा प्रवास युरोपात योगायोग वाटेल, आपल्याला वाटू नये. मराठीत बुबुळाच्या मधल्या काळ्या ठिपक्याला बाहुलीच म्हणतात. हिंदीत पुतली, तमिळमध्ये पावै, आणि दोन्हींचा दुसरा अर्थ बाहुली. संस्कृतात कनीनिका, म्हणजे छोटी मुलगी. लॅटिन शब्दाचंही तसंच. कारण अगदी साधं आहे: दुसऱ्याच्या डोळ्यात जवळून पाहिलं की तिथे आपलीच इवलीशी आकृती दिसते. एवढ्या भाषांना सुचलेली ही गोष्ट घडायला दोन माणसं वीतभर अंतरावर यावी लागतात. ऑलिंपियाला खोलीच्या पलीकडून दुर्बिणीतून पाहणाऱ्याला हे साधणार नव्हतं. (या अंकाच्या वाचकांसमोर भाषांतर आणि कृत्रिम डोळा अशी उपमा बांधायचा मोह होतो. तो आवरतो.)

कारागीर स्वतः बोलतोय असं लेखन मात्र मला एकच माहीत आहे, आणि ते ललित नाही. हेन्री मेह्यूनं 1850 च्या आसपास लंडनच्या कष्टकऱ्यांशी बोलून जे लिहून काढलं, त्यात बाहुल्यांचे डोळे करणारा एक माणूस भेटतो. तो माणसांचेही डोळे करतो. तो दोन पेट्यांची झाकणं काढतो. एकेकीत 190 डोळे. 380 डोळे आपल्याकडेच रोखून बघताहेत असं वाटून मेह्यू क्षणभर बावचळतो, म्हणजे हॉफमनचा वाचक होतो. पण कारागीर थांबत नाही. तो धंद्याचं बोलतो. सध्या इंग्लंडात निळ्या डोळ्यांखेरीज काही खपत नाही, कारण राणीचे डोळे निळे. काळे डोळे स्पेनला जातात. त्याच्या सरळ हिशेबी बोलण्यात भय विरून जातं. मेह्यूनं आपलं बावचळणं वाक्यादोनवाक्यांत आटोपलं आणि बाकीची जागा त्या माणसाला दिली, यात मला त्याचं मोठेपण दिसतं. समीक्षकाला हे जमायला हवं होतं.

राणीच्या डोळ्यांची फॅशन ही गंमत नाही. आत्याचे डोळे घारे. मुंबईच्या ज्या दुकानात आजोबांनी तिला नेलं तिथे खणात मांडून ठेवलेले तयार डोळे होते. निळे होते ते साहेबांचे, उरलेले काळे-तपकिरी. घारा नव्हता. दुकानदारानं तपकिरीतला त्यातल्या त्यात फिका काढून दिला आणि लांबून कळत नाही म्हणाला. लांबून कळत नव्हतं. पण दाखवायच्या कार्यक्रमात मुलीला लांब बसवत नाहीत. तिचं लग्न झालं नाही ते काही एवढ्याचमुळे नव्हे, असं ती म्हणायची आणि मी ते मानतो. तरी त्या खणात घारा डोळा नव्हता हेही खरंच. चाळीस वर्षं ती शाळेत शिकवत होती. बाईंच्या कोणत्या डोळ्याकडे बघून बोलायचं हा पोरांचा कायमचा पेच, आणि बाईंची पाठ असली तरी काचेच्या डोळ्यातून दिसतं ही त्यांची श्रद्धा. घरी चहा ओतताना ती किटलीची चोच कपाच्या कडेला टेकवायची आणि मगच ओतायची. एका डोळ्याला अंतराचा अंदाज लागत नाही. कानाडोळा हा शब्द 'काणा डोळा'वरून आला असं तिनंच मला सांगितलं होतं. "काणा माणूस उलट जास्त बघतो रे," म्हणाली, "त्याला मान वळवावी लागते."

आतून लिहिलेलं असं काही आहे का, हे शोधताना अ‍ॅलिस वॉकर पुन्हा वाचली. तिचा डोळा काचेचा नाही. आठव्या वर्षी भावाच्या छर्‍याच्या बंदुकीनं अधू झाला, वर पांढुरका डाग राहिला. चौदाव्या वर्षी डाग काढला, दृष्टी आली नाही. 1983 च्या संग्रहातल्या तिच्या निबंधाची कीर्ती शेवटासाठी आहे. तीन वर्षांचीही न झालेली मुलगी आईच्या डोळ्यात टक लावून पाहते आणि टीव्हीवर पाहिलेला पृथ्वीचा निळा गोळा तिला तिथे दिसतो. सुंदर आहे, आणि वीतभर अंतराचीच गोष्ट आहे. पण मला जास्त महत्त्वाची वाटते ती मधली एक जागा. अपघातानंतर मी बदलले का, असं ती घरच्यांना विचारते, आणि ते नाही म्हणतात. ती वर्षानुवर्षं मान खाली घालून वावरत होती. समोर बसलेला माणूस घाबरून चुकतो तसाच न बघूनही चुकतो, हे यापेक्षा कमी शब्दांत कुणी सांगितलेलं मी वाचलं नाही. आमच्या घरीही आत्याच्या डोळ्याविषयी कुणी बोलत नसे. आम्ही त्याला सुसंस्कृतपणा समजत होतो.

सलमान रश्दींचा उजवा डोळा 12 ऑगस्ट 2022 च्या हल्ल्यात गेला. 'नाइफ' (2024) हे पुस्तक त्यानंतरचं, आणि छायाचित्रांतून ते दिसतात ते एक काच काळी असलेला चष्मा लावून. गेलेल्या डोळ्याची जागा उघडपणे काळी ठेवणं आणि ती भरून काढणं या दोन वेगळ्या तऱ्हा आहेत. लेखकाला, त्यातही त्या लेखकाला, पहिली शोभते. शाळेतल्या बाईंना ती मुभा नसते.

दक्षिण आशियात डोळा घडवण्याची जुनी परंपरा आहे ती देवाच्या डोळ्याची, आणि इंग्रजीत तिचा सर्वांत चांगला वापर मायकेल ओंडाटजेच्या 'अ‍ॅनिल्स घोस्ट'मध्ये (2000) झालाय. श्रीलंकेतल्या नेत्रमंगल विधीत बुद्धमूर्तीचे डोळे रंगवणारा मूर्तीकडे थेट पाहत नाही. तो पाठमोरा राहून, आरशात बघून रंगवतो. डोळे उघडले की ती नजर झेलण्याची ताकद माणसात नसते. आनंद कुमारस्वामींनी 1908 मध्येच या विधीचं वर्णन केलं होतं. ओंडाटजेचा आनंद हा असा नेत्रकार, यादवीत बायको नाहीशी झालेला, दारूत बुडालेला. शेवटी सुरुंगानं उडवलेल्या बुद्धाचा चेहरा तो तुकड्यातुकड्यांनी उभा करतो, सांधे न लपवता, आणि दुसऱ्या एका नव्या मूर्तीचे डोळे उघडतो. राष्ट्राच्या जखमा भरून येण्याचं प्रतीक म्हणून हा शेवट सगळीकडे वाखाणला गेला. मला तो आवडतो, तरी शंका येते. देवाच्या डोळ्यांना जुळवून घ्यायला शेजारी कुणाचा जिवंत डोळा नसतो. तिथे कलावंत फक्त परंपरेला बांधील असतो, आणि नजर चुकवणं हाच त्याचा धर्म. माणसाचा डोळा करणाऱ्याला नजर भिडवावी लागते, तीही पुन्हा पुन्हा, त्याच माणसाशी. यादवीतून वाचलेल्या माणसाला यातल्या कोणत्या कारागिराची जास्त गरज आहे, हा प्रश्न कादंबरी स्वतःला विचारत नाही.

आपल्याकडचं उदाहरण घरचंच देतो. आत्याचा डोळा गेला तेव्हा माझ्या आजीनं देवीला चांदीचे डोळे वाहिले. गेला होता एकच. पण देवळाबाहेर चांदीचे डोळे मिळतात ते जोडीनंच. सुटा मागायचं आजीच्या मनात आलं होतं, म्हणे, मग नको वाटलं.

दुसऱ्या महायुद्धात जर्मन काच मिळेनाशी झाली तेव्हा अमेरिकी लष्करातल्या दंतवैद्यकवाल्यांनी कवळ्यांच्या अ‍ॅक्रिलिकचे डोळे केले. ते पडले तरी फुटत नाहीत, जास्त वर्षं टिकतात, आणि भारतातही आज बहुतेक ठिकाणी तेच मिळतात. लोक अजून काचेचा डोळाच म्हणतात. आत्यानं साठी उलटल्यावर असा एक करून घेतला, कारण जुना खोबणीत सैल व्हायला लागला होता. मी सोबत गेलो होतो. करणारा मुलगा तिशीचा असेल. त्यानं खोबणीचा साचा घेतला, मेण घासून घासून पापणी नीट मिटेपर्यंत आकार दिला. दुसऱ्या दिवशी तिला खिडकीसमोर उजेडात बसवलं आणि समोर स्टूल घेऊन बारीक कुंचल्यानं बुबुळ रंगवायला लागला. तिच्या उजव्या डोळ्यात बघायचा, एक रेष काढायचा, परत बघायचा. पहिल्यांदाच कुणीतरी घारा रंग कालवत होतं. शिरांसाठी त्यानं लाल रेशमाचे तंतू काढून ठेवले होते.

मग तो थांबला. उतारवयात बुबुळाच्या कडेनं एक राखी-पांढरी कडी येते. आत्याच्या उजव्या डोळ्याला ती चांगलीच आली होती. ती काढू का सोडून देऊ, असं त्यानं विचारलं. सोडली तर डोळा जरा तरुण दिसेल, काही जणी तसंच सांगतात, म्हणाला.

आत्यानं त्याच्याकडे बघायला मान पुरती वळवली.

"त्याला आहे ना?" ती म्हणाली. "मग ह्यालाही काढ."